चटणीचा डबा आणि गवतावरचं कोर्ट: कंपाला ते किगाली, आठ दिवस

पहिला दिवस, मंगळवार: एंटेबे, कंपाला

“आफ्रिकेत जाऊन कोर्टं बघणार? अहो ताई, सिंह बघा, हत्ती बघा!” आमच्या कराडच्या बार रूममध्ये महिनाभर हाच विनोद चालला होता. मी बावीस वर्षं फौजदारी वकिली करते. त्यातली बरीच वर्षं विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा कच्च्या कैद्यांची कामं. भाचा चार वर्षांपासून युगांडाच्या राजधानीत, कंपालात, औषधांच्या व्यवसायात आहे. “मावशी, ये एकदा” असं तो दर दिवाळीला म्हणायचा. यंदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या तारखा वाढवून घेतल्या आणि निघाले. त्याला म्हटलं, सिंह तू बघ. मला तुमच्याकडचं एक कोर्ट दाखव आणि मग रवांडाला जायचंय. १९९४ च्या नरसंहारानंतर लाखो आरोपींचे खटले त्या लोकांनी गावात, गवतावर बसून चालवले असं वाचलं होतं, आणि ते डोक्यातून जात नव्हतं.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे एंटेबे. विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या अगदी काठाला. उतरताना खिडकीत फक्त पाणी दिसतं आणि पोटात गोळा येतो. बाहेर कोकणातल्यासारखी लाल माती, केळीच केळी, आणि हवा मात्र महाबळेश्वरची. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असताना मी स्वेटर घातला होता. कंपाला समुद्रसपाटीपासून जवळजवळ बाराशे मीटरवर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री कोपऱ्यावरच्या गाड्यावर ‘रोलेक्स’ खाल्लं. घड्याळाशी संबंध नाही. ‘रोल्ड एग्ज’चा उच्चार झिजत झिजत रोलेक्स झाला. तव्यावर कोबी-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट, त्यावर चपाती, गुंडाळी करून कागदात. चपातीला ते चपातीच म्हणतात. आपली माणसं तिकडे गेली तेव्हा पोळपाट-लाटणंही गेलं.

*जाणाऱ्यांसाठी:* पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ते पिवळं कार्ड परत येताना आपल्या विमानतळावरही मागतात. युगांडा, रवांडा आणि केनिया तिन्हीकडे जायचं असेल तर नव्वद दिवसांचा एकच पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा शंभर डॉलरला मिळतो. मात्र ज्या देशाने तो दिला त्याच देशात आधी उतरावं लागतं. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या न्या, जुन्या नोटा कुणी घेत नाही.

दुसरा दिवस, बुधवार: फोन गेला

हा दिवस खरं तर शहर बघण्याचा होता. सकाळी जुन्या कंपालाच्या टेकडीवरच्या मशिदीच्या मनोऱ्यावर चढून सगळं शहर पाहिलं. टेकड्या, पत्रे, आणि प्रत्येक खांबावर गिधाडासारखे बसलेले ते टकले मॅराबू करकोचे. मग बाजारात गेलो.

बाजारात पाय ठेवण्याआधी भाच्याने एक सूचना दिली होती आणि मी ती अर्ध्या कानाने ऐकली होती. “मावशी, काही चोरीला गेलं तर चोर चोर म्हणून ओरडायचं नाही.” मला वाटलं, आपली अब्रू वगैरे.

अकराच्या सुमारास शेंगदाण्याच्या ढिगाशी भाव करत होते. पर्सवर हलकासा झटका. वळले तोवर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा माझा फोन मुठीत धरून दोन ओळी पलीकडे पोचला होता. गर्दीमुळे धावता येत नव्हतं त्याला. मी तोंड उघडलं. आणि शेंगदाणेवाल्या बाईने ढिगावरून हात लांब करून माझं मनगट धरलं. असं घट्ट, की नखं रुतली. “न्याबो, नो.” न्याबो म्हणजे बाईसाहेब. मग हळू आवाजात इंग्रजीतच म्हणाली, तुमचा फोन जाईल. पण ‘मुब्बी’ असं कुणी ओरडलं तर त्याचा जीव जाईल.

मुब्बी म्हणजे चोर. एका शब्दावर गर्दी जमते, दगड-विटा येतात, आणि पोलीस पोचेपर्यंत उरत काहीच नाही. ‘मॉब जस्टिस’ म्हणतात त्याला, आणि युगांडाच्या पोलिसांच्या वार्षिक अहवालांत त्याचे बळी खुनांमध्ये वेगळे मोजले जातात, दरवर्षी शेकड्यांनी. आपल्याकडे हे होत नाही असं म्हणायला माझी जीभ वळणार नाही. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठेचलं, ते विसरलेलो नाही आपण. पण मी त्या क्षणी, बावीस वर्षं वकिली करून, ओरडणारच होते. मला थांबवलं शेंगदाणे विकणाऱ्या बाईने. मी तिच्याकडून दोन किलो शेंगदाणे घेतले. दुसरं काय करणार?

सिमकार्डासाठी तक्रारीचा कागद हवा होता. भाचा म्हणाला, आधी चेअरमनचं पत्र. कुठला चेअरमन? तर ‘एलसी वन’चा. लोकल कौन्सिल एक, म्हणजे वस्तीची सर्वांत खालची समिती. दहा जणांची. त्यातला एक फक्त वस्तीच्या सुरक्षेसाठी. घर भाड्याने घ्या, बँकेत खातं काढा, जामीन राहा, या चेअरमनचा शिक्का लागतोच. ही पद्धत १९८० च्या दशकातल्या बंडखोर युद्धात जन्मली. तेव्हा तिला प्रतिकार समिती म्हणत. आमचे चेअरमन शिवणयंत्रामागे बसले होते, शाळेचे गणवेश शिवत. शिक्का सुयांच्या डब्यात. त्यांनी माझी हकीकत शांतपणे लिहून घेतली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: “तुम्ही ओरडलात का?” नाही म्हटल्यावर शिक्का मारला आणि मान डोलावली.

वस्तीतलं छोटंसं कोर्टही हीच समिती चालवते. २००६ च्या कायद्याने त्यांना किरकोळ उधारी, बांधाची भांडणं, शिवीगाळ, असे मामले ऐकायचे अधिकार आहेत. वकील चालत नाही. मी जरा नाक मुरडलं, तेव्हा चेअरमन हसून म्हणाले की वकील आला की दोन तासांचं काम दोन वर्षांचं होतं. गंमत अशी, की २०१८ मध्ये या समित्यांची निवडणूक झाली ती तब्बल सतरा वर्षांनी, आणि मतदान कसं? तर आपल्या उमेदवाराच्या मागे रांगेत उभं राहायचं. गुप्त काही नाही. कुणाच्या पाठीशी कोण आहे ते सगळ्या गावाला दिसतं. आमच्याकडे ग्रामपंचायतीला असं केलं तर संध्याकाळी कितीजणांची डोकी फुटतील, हा हिशेब मी मनात केला आणि सोडून दिला.

तिसरा दिवस, गुरुवार: मातोकेचा घड

भाच्याच्या ओळखीने शहराबाहेरच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर बसले. पत्र्याचं छप्पर, बाहेर आंब्याचं झाड, झाडाखाली बायका-पोरं, एक चहावाली. फक्त ‘पुकारा’ करणारा पट्टेवाला नव्हता. त्याऐवजी कारकूनबाई दारात येऊन नाव घ्यायच्या. कामकाज इंग्रजीत, आणि त्याच कारकूनबाई आरोपीला ते लुगांडात सांगायच्या. बाकी सगळं ओळखीचं: फाइल सापडत नाही, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख.

चौथं प्रकरण एका तरुणाचं. शेजाऱ्याच्या बागेतून मातोकेचा घड तोडला. मातोके म्हणजे हिरवी भाजीची केळी. ती उकडून, पानात गुंडाळून कुस्करतात, त्यांच्या ताटातला भातच तो. पोराने गुन्हा कबूल केला. दंड भरायला पैसे नाहीत. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला आणि समजावून सांगितलं, की तुरुंगात न पाठवता सामुदायिक सेवा देता येईल, सरकारी दवाखान्याच्या आवारातलं गवत कापायचं, अमुक इतके तास, हजेरी लागेल, चुकवलंस तर आत जावं लागेल. कबूल आहे का? त्याने फिर्यादीकडे पाहिलं. फिर्यादी म्हणाला, पोराकडे स्वतःचा स्लॅशर आहे, दवाखान्याचा बोथट असतो. सगळं कोर्ट हसलं. स्लॅशर म्हणजे टोकाशी वाकवलेली पोलादी पट्टी, उभ्याने झुलवत गवत कापायची.

हा कायदा युगांडाने २००० साली केला. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे, सहा महिन्यांच्या आत काम संपवायचं, दिवसाला आठ तासांच्या वर नाही, आणि आरोपीची संमती हवी. त्याच्याही आधी झिंबाब्वेने हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलं आणि १९९७ मध्ये तिथल्या कडोमा गावात सामुदायिक सेवेचा जाहीरनामा झाला. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये याच कंपालात ४० आफ्रिकी देशांसह ४७ देशांचे लोक तुरुंगांच्या अवस्थेवर बोलायला जमले होते. आपल्या न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली १ जुलै २०२४ ला. हे मी बार रूममध्ये सांगितलं तर कुणाला पटणार नाही म्हणून मॅजिस्ट्रेट बाईंच्या आदेशाची तारीख वहीत टिपून ठेवली.

अगदी गुळगुळीत चाललंय असं नाही हं. इथे तुरुंगातले जवळपास निम्मे लोक कच्चे कैदी आहेत. (आपल्याकडे चारातले तीन, तेव्हा मी गप्प बसले.) कोठड्या क्षमतेच्या कितीतरी पट भरलेल्या.

दुपारी एका पॅरालीगल बाईंबरोबर जेवण. मातोके, वर शेंगदाण्याची गुलाबी आमटी. कूट, मीठ, बाकी काही नाही. मी पर्समधला चटणीचा स्टीलचा डबा काढून त्यात चमचाभर शेंगदाणा चटणी घातली, तेव्हा ते जेवण झालं. या बाई वकील नाहीत. तुरुंगात जाऊन कैद्यांना जामीन म्हणजे काय, कबुली दिली तर काय होतं, हे शिकवतात, आणि भाषण देऊन नाही, नाटक बसवून. एक कैदी मॅजिस्ट्रेट होतो, एक सरकारी वकील, एक आरोपी. “आरोपीची भूमिका कुणालाच नको असते,” बाई म्हणाल्या. ही पद्धत २००० साली मलावीत सुरू झाली. तिथे वकील मूठभर आणि तुरुंग तुडुंब, मग करणार काय? तिथून ती इथे आली.

निघताना त्यांनी कंपालातल्या ल्युझिरा तुरुंगाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी दहादा सांगितली असणार, पण डोळे चमकलेच. फाशीची शिक्षा झालेल्या सुझन किगुला आणि इतर चारशेहून अधिक कैद्यांनी मिळून सरकारला कोर्टात खेचलं, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खुनाला फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, हा नियम घटनाबाह्य आहे. शिवाय फाशी कायम झाल्यावर तीन वर्षांत दिली नाही तर ती जन्मठेप समजायची. किगुला तुरुंगातच लंडन विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास शिकल्या, २०१६ मध्ये सुटल्या. सक्तीची फाशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिठू खटल्यात १९८३ लाच रद्द केली होती. तेवढ्यापुरतं आपण पुढे. मी तेही सांगितलं. थोडी तरी शान नको का?

*जाणाऱ्यांसाठी:* मोटरसायकल टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात. ॲपवरूनच मागवा आणि हेल्मेट मागून घ्या. कोर्ट, पोलीस, लष्कर यांचे फोटो काढू नका. आलं घातलेला दुधाचा चहा ‘आफ्रिकन टी’ म्हणून मागायचा, नाहीतर काळं पाणी येतं.

चौथा दिवस, शुक्रवार: बस, आणि डब्याची अब्रू

पहाटेची बस, रवांडाच्या राजधानीला, किगालीला, सुमारे पाचशे किलोमीटर. कायाब्वेला रस्त्याकडेला विषुववृत्ताचं पांढरं कडं दिसलं न दिसलं तोच गेलं. म्बरारानंतर ती प्रसिद्ध अंकोले गुरं, शिंगं अशी की खिल्लारानेही मान खाली घालावी. काबालेला धुकं. मग कातुना-गातुनाची सीमा.

इथे मात्र आमची वरात निघाली. रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे हे मी वाचलं होतं. माझी बॅग प्लास्टिकच्या पिशव्यांनीच भरलेली आहे हे मात्र लक्षात आलं नव्हतं. चिवडा पिशवीत, मेतकूट पिशवीत, चपला पिशवीत, औषधं पिशवीत. तपासणीच्या टेबलावर एकेक वस्तू बाहेर. चिवड्याची पिशवी उघडून त्या तरुण अधिकारी मुलीने वास घेतला, मला कागदी पिशवी दिली आणि म्हणाली, यात ओता. बसमधले सगळे बघताहेत आणि मी सीमेवर उभी राहून चिवडा ओततेय. चटणीचा डबा तेवढा सन्मानाने पार झाला. तिने तो वाजवून पाहिला आणि म्हणाली, “हे चांगलं.” पिवळं कार्ड अर्थातच बसच्या पोटातल्या बॅगेत तळाशी होतं. ते काढेपर्यंत ड्रायव्हरने तीन हॉर्न दिले.

सीमा ओलांडली की गाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि घड्याळ एक तास मागे. आणि रस्त्यावर कागदाचा कपटा नाही.

पाचवा दिवस, शनिवार: उमुगांडा

मुद्दाम महिन्याचा शेवटचा शनिवार साधला होता. सकाळी आठ ते अकरा सगळा देश श्रमदान करतो, तेच उमुगांडा. दुकानं बंद, बस बंद. परक्यांना सक्ती नाही, पण घरमालकीण बाईंनी माझ्या हातात फावडं दिलंच. मी त्यांच्याकडे उतरले होते. साठीच्या, उंच, फार कमी बोलणाऱ्या. मुलगा इंग्रजी बोलतो, त्यांच्याशी संभाषण त्याच्यामार्फत.

गल्लीतला नाला उपसला. माझ्या शेजारी बँकेतला एक साहेब आणि मोटो चालवणारा पोरगा. काम संपल्यावर तिथेच उतारावर बसून सभा. मला वाटलं होतं भाषणं होतील. विषय होता रात्रगस्तीचा, ‘इरोंदो’चा. घरटी वर्गणी कुणाची राहिली, कोपऱ्यावरचा दिवा कधी लागणार, आणि एका घरात रात्री मारहाणीचे आवाज येतात, तिथे कोण जाऊन बोलणार. नाव घेतलं गेलं, सगळ्यांसमोर. नवरा तिथेच बसला होता. मी मान वळवून पाहिलं, तो चिखल झालेल्या बुटाचं टोक बघत होता.

किगाली रात्री दहाला एकटीने फिरता येतं असं शहर आहे, आणि त्यामागे ही गस्त आहे, ही सभा आहे. पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. गिकोंडो भागात एक ‘ट्रान्झिट सेंटर’ आहे. फेरीवाले, रस्त्यावरची मुलं, भिकारी, वेश्या यांना खटला न चालवता तिथे नेऊन ठेवलं जातं, हे ह्यूमन राइट्स वॉचने वर्षानुवर्षं नोंदवलंय. कंपालातली माझी शेंगदाणेवाली इथे टोपली घेऊन बसली असती तर कुठे असती, हा विचार त्या चकचकीत फुटपाथवर माझ्या मागे मागे येत राहिला. याबद्दल इथे कुणाला विचारलं की उत्तर हवामानाबद्दल मिळतं.

संध्याकाळी ‘मिल्क बार’मध्ये इकिवुगुटो प्याले. आंबट, दाट, थंडगार, आपल्या अधमुऱ्या दह्यासारखं. मोठा पेला, सोबत चपाती.

सहावा दिवस, रविवार: न्यामाता

किगालीतल्या गिसोझीच्या नरसंहार स्मारकात अडीच लाखांवर माणसं पुरलेली आहेत. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिथून तीसेक किलोमीटरवर न्यामाताचं चर्च. १९९४ च्या एप्रिलमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे दहा हजार लोकांना इथे मारलं. बाकांवर त्यांचे कपडे रचून ठेवलेत. तीस वर्षांनी सगळ्या कपड्यांचा रंग एकच झालाय, मातीचा. एका बाकाशी मी थांबले कारण तिथे एक लहान स्वेटर होता, हाताने विणलेला, कोपराला वेगळ्या लोकरीने रफू केलेलं. कुणीतरी दिव्याखाली बसून ते रफू केलं असणार. बाहेर आले आणि झाडाखाली बसून राहिले. ड्रायव्हरने काही विचारलं नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* गिसोझीला प्रवेश मोफत आहे, ऑडिओ गाइडचे पैसे पडतात, जरूर घ्या. न्यामाताला आत फोटो काढू देत नाहीत. आणि कुणालाही ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ असं विचारायचं नाही, कितीही ओळख झाली तरी. १९९४ ला हुतू अतिरेक्यांनी तुत्सींना वेचून मारलं, ते याच ओळखीवरून.

सातवा दिवस, सोमवार: गवतावर

सकाळी बुगेसेरातल्या म्ब्यो गावी गेले. नरसंहाराची शिक्षा भोगून आलेले आणि त्यातून वाचलेले, दोघांची घरं शेजारी शेजारी. घरं त्यांनी मिळून बांधलीत. पाहुण्यांसमोर एक पुरुष आणि एक बाई आपापली हकीकत सांगतात. खोटं वाटलं का? नाही. पण पाठ झालेलं वाटलं, आणि पाहुण्यांसमोर क्षमा पुन्हा पुन्हा मांडायला लागणं मला जरा अंगावर आलं. मला आपलं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवलं, औंध संस्थानच्या काळात सुरू झालेली, उघड्यावर शेती करणाऱ्या कैद्यांची वसाहत. तिथे मी एकदा गेले होते. कुणी हकीकत सांगितली नव्हती. एका कैद्याची बायको भाजी निवडत होती, एवढंच.

खरी भेट रात्री घरीच झाली. मी चटणीचा डबा उघडून ठेवला होता. घरमालकीण बाईंनी उकडलेल्या केळ्याचा तुकडा त्यात बुडवला, चावला, विचार केला, आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. तो हसला. “तिखट कमी आहे म्हणते.” कोल्हापुरी मिरचीच्या चटणीला! मग आतून एक चिमुकली बाटली आली, डोळ्यात औषध घालतात तशी. अकाबांगा. मिरचीचं तेल. एक थेंब पुरे, असं खुणेने सांगितलं. मी दोन घातले आणि पुढची दहा मिनिटं मी काही बोलायच्या स्थितीत नव्हते. त्या वेळात त्या बोलल्या.

त्या ‘इन्यांगामुगायो’ होत्या. अप्रामाणिकपणाचा ज्यांना तिटकारा आहे अशी माणसं, असा अर्थ. म्हणजे गचाचा कोर्टातल्या न्यायाधीश. गचाचा शब्दात गवत आहे, पूर्वी गावची भांडणं गवतावर बसून मिटवत. नरसंहारानंतर तुरुंगात लाखाच्या वर माणसं होती आणि न्यायाधीशांपैकी बहुतेक मारले गेलेले किंवा पळालेले. नेहमीच्या कोर्टांनी शंभर वर्षं लावली असती असा हिशेब होता. मग २००१ मध्ये गावोगाव अडीच लाखांवर असे पंच निवडले. २००२ ला काही भागांत सुरुवात, २००५ पासून देशभर, १८ जून २०१२ ला बंद. सुमारे बारा हजार कोर्टं, जवळजवळ वीस लाख प्रकरणं. कट रचणाऱ्या बड्यांची आधी टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात आणि नेहमीच्या कोर्टांत रवानगी. कबुली देऊन प्रेतं कुठे टाकली ते सांगितलं तर शिक्षा कमी, आणि त्यातलीही बरीच बाहेर राहून मजुरीने फेडायची, रस्ते, बांध, घरं. २००७ मध्ये देशाने देहदंडच काढून टाकला. त्याआधी १९९८ ला बावीस जणांना भर मैदानात गोळ्या घातल्या होत्या.

पगार नव्हता. आठवड्यातून एक सकाळ. खांद्यावरून पट्टा. समोर एका बाजूला मारणारे, दुसऱ्या बाजूला उरलेले, आणि सगळे एकाच विहिरीवरचे.

माझ्यातला वकील आता तोंडाची आग विसरला. आरोपीला वकील नाही? उलटतपासणी नाही? खोटी साक्ष दिली तर? आणि नरसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या कोर्टांच्या कक्षेबाहेर का ठेवल्या? शेवटच्या प्रश्नाचं भाषांतर मुलाने केलं नाही. “हा नको,” म्हणाला. बाकीच्यांवर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, खोटं बोलणारे होते. एका माणसाला त्याच्या शेतासाठी अडकवायचा प्रयत्न झाला. “त्याच्या शेळ्या त्या दिवशी माझ्या शेतात होत्या, तो त्या शोधत होता. मी सांगितलं.” म्हणजे न्यायाधीशच साक्षीदार? मी जवळजवळ किंचाळलेच. आमच्याकडे असा न्यायाधीश त्याच दिवशी प्रकरणातून बाजूला झाला असता.

त्यांना माझं आश्चर्य कळेना. शेळ्या त्यांनी पाहिल्या होत्या ना?

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या कोर्टातून माणूस सुटला की कुठे जातो? मी म्हटलं, घरी. आणि ज्याने फिर्याद केली तो? तोही घरी. मग ते बोलतात का? माझ्याकडे बावीस वर्षांच्या फायली आहेत, निकाल आहेत, अपिलांचे आकडे आहेत. हे मला माहीत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात दोन्ही पक्षकार एकाच एसटीने येतात आणि एकाच एसटीने परत जातात. त्या एसटीत काय होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

आठवा दिवस, मंगळवार: परत

विमान दुपारचं. सकाळी बाई ‘अबुंझी’च्या बैठकीला निघाल्या होत्या. गचाचा बंद झाली, पण हे मध्यस्थ २००४ पासून आहेत. जमिनी, उधाऱ्या, वारसा अशा वादांत कोर्टाच्या पायरीआधी यांच्याकडे जावंच लागतं. आजचा वाद दोन भावांतला, मधल्या भिंतीचा. “लांबणार,” मुलगा म्हणाला, “भाऊ आहेत.” चला, हे तरी आपल्यासारखंच निघालं.

डबा मी त्यांच्याकडेच ठेवला. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून अकाबांगाच्या तीन बाटल्या दिल्या. मुंबईला उतरल्यावर पिवळं कार्ड मागितलं, या वेळी ते हातात होतं.

एक बाटली भाच्याच्या आईला, एक घरी, एक बार रूममध्ये. परवा सिंह-हत्तीवाल्या वकीलसाहेबांनी, मी नको नको म्हणत असताना, मिसळीवर चार थेंब घातले. त्यांची साडेअकराची उलटतपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.